इंग्रजीत हसताना, रडताना, मान हलवताना या चुका टाळा

कथेतल्या माणसाची नोकरी जाते आणि तो हात चोळत बसतो. हेच वाक्य इंग्रजीत नेताना 'ही सॅट रबिंग हिज हँड्स' असं लिहिलं, की वाचणाऱ्यासमोर भलताच माणूस उभा राहतो. एकतर थंडीने गारठलेला, नाहीतर घबाड हाती लागणार म्हणून खुशीत आलेला. व्याकरण बिनचूक आहे आणि शब्दकोशही ते वाक्य खोडणार नाही. पण आपल्याकडे हळहळीची असलेली ही खूण तिकडे आतुरतेची आहे. इंग्रजीतला हताश माणूस हात चोळत नाही, पिळतो. म्हणजे 'रंग हिज हँड्स'.

हावभावांचं इंग्रजी बहुतेक वेळा इथेच फसतं. अवयव तोच, हालचालही जवळपास तीच, अर्थ मात्र दुसराच. सगळ्यात फसवी जोडी जीभ चावण्याची. आपण जीभ चावतो ती नको ते बोलून गेल्यावर. इंग्रजीत 'बिट हर टंग' म्हणजे ओठांवर आलेलं बोलणं तिने गिळलं, ती काही बोललीच नाही. शब्दशः भाषांतर केलं तर प्रसंगच उलटा होतो. तिथे 'क्लॅप्ड अ हँड टू हर माउथ' चालेल, हात झटकन तोंडावर गेला एवढं तरी दिसतं. हात जोडण्याचंही तसंच. 'दे जॉइन्ड हँड्स' वाचून इंग्रजी वाचकाला एकमेकांचे हात धरलेली माणसं दिसतात आणि 'फोल्डेड हिज आर्म्स' म्हटलं की छातीशी हाताची घडी. नमस्कारच दाखवायचा असेल तर 'प्रेस्ड हिज पाम्स टुगेदर' हे सरळ वर्णन बरं. डोळे वटारले यासाठी 'रोल्ड हर आइज' वापरलेलं तर सर्रास दिसतं. तो कंटाळ्याचा, 'झालं यांचं सुरू' असा भाव आहे. वटारण्याला 'ग्लेअर्ड'.

मानेचं प्रकरण जरा निवांत बघू. मराठीत मान हलते, इंग्रजीत डोकं. त्यामुळे 'शूक हिज नेक' लिहिलं की मानेला काहीतरी दुखापत झाली असावी असं वाटतं. शिवाय 'त्याने मान हलवली' यात हो की नाही हे मराठी वाचक संदर्भाने समजून घेतो, इंग्रजीत ते क्रियापदच ठरवतं. 'नॉड' म्हणजे होकार, 'शूक हिज हेड' म्हणजे नकार. लिहिणाऱ्याने आधी स्वतःशी ठरवायचं की पात्राला नेमकं काय म्हणायचंय. मूळ मराठी लेखकाने ते मुद्दाम मोघम ठेवलं असेल, तर अनुवादकाचे हाल होतात, त्याला इलाज नाही. यातला 'हिज'ही गाळायचा नाही. आपण कोणाची मान ते सांगत नाही, 'तिने मान खाली घातली' एवढं पुरतं, पण 'शूक हेड' हे अर्धवट वाक्य आहे. आणि 'सगळ्यांनी मान हलवली' इंग्रजीत नेताना डोकी अनेक होतात, 'दे शूक देअर हेड्स'. 'हेड' एकवचनी ठेवलं तर सगळ्यांत मिळून एकच डोकं उरतं.

आता आवाजांकडे. मराठीत किंकाळी फोडतात, हुंदका देतात, उसासा टाकतात, शीळ घालतात. प्रत्येक नामाचं क्रियापद ठरलेलं. इंग्रजीतही असं आहे, फक्त जोड्या वेगळ्या. ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने अशा क्रियापदांना 'लाइट व्हर्ब' म्हटलं. अर्थाचा भार नामावर असतो, क्रियापद नुसतं आधाराला. पण आधाराला असलं तरी ते निमूट नसतं. 'गिव्ह' आलं की गोष्ट एकदाच आणि थोडक्यात घडते. 'लेट आउट' आलं की आत दाबलेलं काहीतरी निसटतं. 'हॅव' आलं की थोडा वेळ, बऱ्याचदा स्वतःच्या समाधानासाठी. म्हणून 'शी गेव्ह अ लाफ' म्हणजे ती एकदा हसली, कदाचित उगाचच, आणि 'वी हॅड अ लाफ' म्हणजे मजा आली. याहून मोठा खड्डा 'क्राय'चा. 'शी गेव्ह अ क्राय' म्हणजे ती ओरडली. 'शी हॅड अ गुड क्राय' म्हणजे ती मनसोक्त रडली. पहिल्या वाक्यात अश्रूंचा संबंध नाही. 'हीव्ह' मात्र या अर्थाने जवळजवळ फक्त 'साय'च्या, म्हणजे उसाशाच्या, वाट्याला आलंय, 'हीव्ह्ड अ लाफ' कोणी म्हणत नाही. आणि हे सगळं लिहिताना 'अ' विसरू नका. 'लेट आउट साय' ही खास आपली चूक, कारण मराठीला उपपदांची सवयच नाही.

मग साधं 'लाफ्ड' का नाही? बहुतेक वेळा तेच लिहावं. नामाचा उपयोग होतो तो विशेषण जोडायचं असतं तेव्हा. 'फ्रेंडली'सारख्या शब्दाला तर पर्यायही नसतो. त्याच्या शेवटी आधीच 'ली' आहे, त्याचं धड क्रियाविशेषण होत नाही. म्हणून 'स्माइल्ड फ्रेंडली' नव्हे, 'गेव्ह अ फ्रेंडली स्माइल'.

मराठीत हसू येतं, रडू येतं, शिंक येते, उचकी लागते. माणूस करत नाही, त्याला होतं. इंग्रजीला मात्र कर्ता हवा, मग ज्याला होतं त्यालाच पुढे उभं करायचं. 'मला हसू आलं' हे 'आय लाफ्ड' केलं तर त्यातली अगतिकता जाते, म्हणून 'आय कुडन्ट हेल्प लाफिंग'. शिंक आली आणि शिंकला तर 'स्नीझ्ड' पुरे. आलीय पण अजून बाहेर पडली नाही, तर 'फेल्ट अ स्नीझ कमिंग'. उचकीला 'गॉट द हिकप्स', यातला 'द' आणि अनेकवचन दोन्ही सांभाळा. अंगावर काटा आला याला 'गॉट गूसबम्प्स', काट्याचं भाषांतर नको. रडू फुटलं याला 'बर्स्ट इनटू टिअर्स' किंवा 'बर्स्ट आउट क्राइंग'. दोन्ही एकत्र करून 'बर्स्ट इनटू क्राइंग' होत नाही.

'शाउटेड ॲट हिम' म्हणजे त्याच्यावर ओरडला, 'शाउटेड टू हिम' म्हणजे लांब होता म्हणून मोठ्याने हाक दिली. त्याच 'ॲट'ने 'स्माइल'मध्ये मात्र राग येत नाही, तिथे 'ॲट'च बरोबर आणि 'टू' चूक. 'स्मर्क' हे गोड हसू नव्हे, त्यात कुत्सितपणा किंवा आढ्यता आहे, त्यामुळे नायिकेला उगीच 'स्मर्क' करायला लावू नका. 'गॅस्प'मध्ये श्वास आत जातो, 'साय'मध्ये बाहेर येतो. धक्का बसलेला माणूस 'साय' करत नाही. श्वास हे नाम 'ब्रेथ', क्रियापद 'ब्रीद', ज्याच्या शेवटी आणखी एक ई आहे. 'टूक अ ब्रीद' हे शुद्धलेखनाच्या तपासणीतून सहीसलामत सुटतं, कारण शब्द म्हणून तो बरोबरच असतो.

संवादापुढे '"या," तो हसला' असं मराठीत खपून जातं. इंग्रजीत '"कम इन," ही स्माइल्ड' यावर अनेक संपादक लाल रेघ मारतात, कारण हसून शब्द उच्चारता येत नाहीत. 'साय'चा भूतकाळ 'साइड' किंवा 'गॅस्प्ड' चालवून घेतात, कारण तिथे निदान श्वास वापरलेला असतो. वाद टाळायचा तर स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम द्यावा आणि 'ही स्माइल्ड' हे स्वतंत्र वाक्य करावं.