परदेशात राहून दोन देशांच्या बातम्या कशा वाचाव्यात, त्यांवर कसं बोलावं

दंगल, पूर, घोटाळा, निवडणुकीचा निकाल, असं काही मायदेशी झालं की काही मिनिटांत परदेशातल्या फोनवर येऊन धडकतं. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, बस सुरू झाल्या, शाळा भरल्या, हे कुणी कळवत नाही. दोन-तीन वर्षं फक्त पहिल्या प्रकारच्या बातम्या वाचल्या की मनातला देश आणि खरा देश यांत अंतर पडतं, आणि घरी फोन केला की पाचव्या मिनिटाला वाद होतो. म्हणून आधी साध्या बातम्यांची सोय करा. राष्ट्रीय दैनिक एकच ठेवा, पण त्याच्या जोडीला आपल्या जिल्ह्याचं किंवा शहराचं एक स्थानिक वृत्तपत्र हवंच. त्यातली रस्ते, पाणी, शाळा, बाजारभाव यांची पानं आठवड्यातून दोनदा तरी नीट वाचा.

राहत्या देशाच्या बाबतीत अडचण भाषेची असते. रेल्वेचा संप किंवा निवास परवान्याचा बदललेला नियम यासाठी ब्राउझरमधलं भाषांतर पुरतं. राजकीय बातमीला ते पुरत नाही. मराठीत एका ‘म्हणे’ने जे काम होतं, त्यासाठी जर्मनमध्ये क्रियापदाचं वेगळं रूप वापरतात, बातमीदार दुसऱ्याचं म्हणणं सांगतो आहे, स्वतः ग्वाही देत नाही, हे त्यातून कळतं. यांत्रिक भाषांतरात हे रूप कधी कधी गळतं आणि आरोप सिद्ध झाल्यासारखा वाचला जातो. भाषा शिकत असाल तर शिकणाऱ्यांसाठीच्या बातम्यांपासून सुरुवात करा: जर्मनसाठी डॉइच वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या, फ्रेंचसाठी आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र, जपानीसाठी एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या.

स्रोत मोजताना एक चूक हमखास होते. पाच वृत्तपत्रांत बातमी आली म्हणजे पाच ठिकाणांहून खात्री झाली, असं वाटतं. बातमीच्या सुरुवातीला किंवा शेवटी बघा. तिथे रॉयटर्स, एएफपी किंवा असोसिएटेड प्रेस असं नाव असेल, तर पाचही जणांनी एकाच वृत्तसंस्थेचा मजकूर छापलेला असू शकतो. ज्या बातमीवर घटनास्थळाचं नाव आणि स्वतःच्या वार्ताहराची सही आहे, तीच दुसरा स्रोत म्हणून धरा.

वेळेचा गोंधळ टाळणं सोपं आहे. मतमोजणी, सुनावणी, अर्थसंकल्प यांची नोंद कॅलेंडरमध्ये करताना वेळ बदलून लिहू नका. घटना जिथे आहे तिथला टाइम झोन निवडून तिथलीच वेळ टाका. युरोपात घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत पाठ असलेला फरक एका तासाने चुकतो.

आता सगळ्यात जास्त घोळ घालणारी गोष्ट, ग्रुपवर आलेला व्हिडिओ. समजा पुराचा आहे. व्हॉट्सॲपवर त्याच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसत असेल तर तो किमान पाच हातांतून आला आहे. म्हणजे पाठवणाऱ्याने तो स्वतः काढलेला नाही. व्हिडिओ थांबवून तीन चित्रं टिपा: एकात दुकानाची पाटी, एकात वाहनाची नंबरप्लेट, एकात डोंगर, पूल किंवा ठळक इमारत. पाटीची लिपी कुठली, गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालल्या आहेत, लोकांच्या अंगावरचे कपडे या ऋतूतले आहेत का, हे बघा. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसत असतील तर चित्राची डावी-उजवी बाजू उलटवून घ्या. व्हिडिओ पकडला जाऊ नये म्हणून मुद्दाम तसं करतात. मग तिन्ही चित्रं गूगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या दोन्ही साधनांवर टाका. टिनआयमध्ये ‘सर्वात जुनं’ असा क्रम लावता येतो. तेच चित्र तीन वर्षांपूर्वीचं निघालं की विषय संपला. काहीच सापडलं नाही, तरी व्हिडिओ खरा ठरत नाही. तो नुकताच आलेला किंवा कापलेला असू शकतो. मोठ्या दुर्घटनेत मृतांचा आकडा पहिल्या दिवसभर वर-खाली होत राहतो, म्हणून तिथली दुसरी सकाळ होईपर्यंत आकडा पुढे पाठवू नका.

बोलण्याआधी राहत्या देशाचा कायदा वाचा. हे भीती घालायला लिहिलेलं नाही. यात माणसं खरोखर अडकतात. संयुक्त अरब अमिरातीत 2021 च्या 34 क्रमांकाच्या कायद्याने ऑनलाइन अफवा पसरवणं गुन्हा आहे, आणि दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवणंही त्यात धरलं जाऊ शकतं. सिंगापूरमध्ये खोट्या माहितीविरुद्धचा वेगळा कायदा 2019 पासून लागू आहे. तिथे सभा-निदर्शनांसाठी ठरवून दिलेल्या हाँग लिम पार्कमधल्या सभांना नागरिक आणि कायम रहिवासी जाऊ शकतात. इतर परदेशी माणसाला परवाना लागतो, विषय त्याच्या मायदेशाचा असला तरी. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात 2019 पासून मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियावरची खाती विचारतात. नोकरीचा करारही उघडून बघा. सार्वजनिक राजकीय मतांबद्दल त्यात बऱ्याचदा एखादं कलम असतं.

घरी फोनवर बोलताना बातमी सांगायला जाऊ नका, विचारा. ‘काका, तिकडे फार बिघडलंय म्हणे’ असं म्हटलं की काका देशाची बाजू घेऊन उभे राहतात. ‘काका, आज बाजार उघडा होता का? किती वाजता बंद केला?’ असं विचारलं तर कुठल्याही वाहिनीवर न येणारी माहिती मिळते. राहत्या देशातल्या सहकाऱ्याने तुमच्या देशाबद्दल विचारलं, तर त्याने नेमकं काय वाचलं आहे ते आधी विचारून घ्या. पुष्कळदा त्याला एकच मथळा ठाऊक असतो, आणि आपण वीस मिनिटं भलत्याच गोष्टीचं समर्थन करत बसतो.

चुकीचं काही पाठवलं गेलं तर ते नुसतं पुसू नका. ‘सर्वांसाठी हटवा’ केलं तरी इतरांनी पुढे पाठवलेल्या प्रती तशाच राहतात. त्याऐवजी त्याच संदेशाला उत्तर देऊन ‘हे चुकीचं आहे’ असं पहिल्याच ओळीत लिहा, खरी माहिती आणि दुवा जोडा, आणि ज्यांनी पुढे पाठवलं त्यांना हीच दुरुस्ती तिकडेही पाठवायला सांगा.