दात काढलेल्या छोट्या कुत्र्याचे पहिले दोन आठवडे

पॉमेरेनियनसारखा छोटा कुत्रा दात काढून घरी आला की पहिली रात्र गुंगीतच जाते. एसी बंद ठेवा आणि त्याला लादीवर न झोपवता गोधडीवर झोपवा. भुलीनंतर एवढंसं अंग पटकन गार पडतं. लाळेत एक-दोन दिवस किंचित लाली दिसेल. मात्र रक्त ठिबकतच राहिलं किंवा दुसऱ्या दिवशीही त्याने काही खाल्लं नाही, तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

साधारण 10 ते 14 दिवस खाणं मऊच. गुरगुट्या भात आणि उकडलेलं चिकन मिक्सरमधून काढून, कोमट करून, थोडं थोडं द्या. मीठ-मसाला नको. कांदा-लसूण तर कधीच नको, कुत्र्यांना ते विषारी असतात. आणि कितीही कळवळलात तरी घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. वेदनेचं औषध डॉक्टरांनी लिहिलेलंच.

टाके बहुधा आपोआप विरघळतात, सारखा ओठ उचलून पाहू नका.

मुंबईत खरी कसरत खाली फिरवताना होते. चायनीजच्या गाडीमागे कोंबडीची हाडं पडलेली असतात आणि आपलं बाळ ती आपल्याआधी हेरतं. पट्टा आखूड धरा. लिफ्टमध्ये प्रेमाने बिस्किट पुढे करणाऱ्या शेजारच्या काकूंनाही आधीच सांगून ठेवा.