‘आज नाही जात शाळेत’ : या वाक्यानंतर काय करावं

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री पोटात दुखायला लागतं. सकाळी डोकं जड. शाळेची वेळ टळली की तासाभरात मूल उठून घरभर हिंडतं. घरातलं कुणी म्हणतं ‘नाटकं आहेत सगळी’, कुणी म्हणतं ‘राहू दे एक दिवस’. माझ्या मते दोघंही चुकतात. दुखणं बहुतेक वेळा खरं असतं. धास्तीने पोटात कळ येते, मळमळतं, घाम फुटतो. पण दुखणं खरं आहे म्हणून घरी राहिल्याने ते बरं होतं असंही नाही.

बारा ते अठरा वयाच्या मुलांचे आईवडील आणि वर्गशिक्षक यांच्यासाठी हा लेख आहे. हजेरी वर्गशिक्षकांच्या वहीत, मनाचं काय ते समुपदेशकाकडे, पुढे कोणते विषय घ्यायचे ते आणखी तिसऱ्याकडे, अशी वाटणी मोठी माणसं करतात. मुलाच्या डोक्यात मात्र तिन्हींचा एकच गुंता असतो. तो सोडवायला हजेरीपासून सुरुवात करावी, कारण तेवढं एकच टोक हाताला लागतं.

१. दांड्या कॅलेंडरवर मांडा

भिंतीवरचं साधं कॅलेंडर पुरे. पूर्ण दिवस बुडाला तर फुली, उशीर झाला तर टिंब, मधूनच घरी आलं तर अर्धी फुली. शाळेच्या एकूण दिवसांपैकी १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस बुडाले की धोक्याची घंटा वाजली असं अनेक शिक्षणव्यवस्था मानतात, आणि त्यात आजारपणाच्या रजाही धरतात. १८० दिवसांच्या वर्षात हे १८ दिवस झाले, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. सुटे सुटे पाहिले तर त्यांतला एकही दिवस कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

महिनाभराने फुल्या कुठे पडल्यात ते पाहा. दर आठवड्याला एकाच वारी असतील तर त्या दिवशीचं वेळापत्रक काढा. चाचणीच्या आदल्या दिवशी, खेळाच्या तासाला, मासिक पाळीच्या दिवसांत, की सुट्टीला जोडून? नुसत्या टक्केवारीतून हे कळत नाही.

२. ‘का’ हा शब्द टाळून कारण शोधा

‘का नाही जायचं?’ या प्रश्नाला ‘असंच’ हेच उत्तर मिळतं. मुलाला स्वतःलाच नीट ठाऊक नसतं, आणि ‘का’ ऐकलं की आपली उलटतपासणी चालली आहे असं वाटतं. त्यापेक्षा विचारा, ‘दिवसातला सगळ्यात नकोसा तास कोणता?’, ‘मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतेस?’, ‘शाळेतली एकच गोष्ट बदलता आली तर कोणती बदलशील?’ समोरासमोर बसवून विचारू नका. चालताना, भांडी आवरताना, प्रवासात शेजारी बसलेलं असताना मुलं जास्त बोलतात. मध्ये शांतता पसरली तर ती लगेच भरून काढायची घाई नको.

ख्रिस्तोफर कर्नी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने शाळा टाळण्यामागे चार हेतू मांडले आहेत. शाळेतल्या एखाद्या गोष्टीने होणारी घालमेल टाळणं. चारचौघांत बोलणं, परीक्षा, हसं होणं यांतून सुटका. घरच्या माणसाचं लक्ष आणि सोबत. किंवा शाळेबाहेर मिळणारी मजा. उपाय यावरूनच ठरतो. गेम खेळायला घरी राहणाऱ्याला कडक वेळापत्रक लागू पडेल. वर्गात रोज टिंगल होणाऱ्या मुलीवर तीच कडकाई लादली तर ती तोंड मिटून घेईल. तिच्या बाबतीत आधी शाळेने टिंगल थांबवायला हवी. घडलेलं तारीखवार लिहून शाळेला द्या. तोंडी तक्रार हवेत विरते.

याच टप्प्यावर डॉक्टरांना एकदा दाखवा. फळा नीट न दिसणं, कमी ऐकू येणं, रक्ताची कमतरता, दमा, पाळीतल्या असह्य वेदना ही कारणं ‘आळशी’ या शब्दाखाली वर्षानुवर्षं दडून राहतात.

३. झोपेचं गणित मांडा

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ८ ते १० तास झोप लागते. वयात येताना शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं आणि झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. त्यामुळे दहा वाजता टक्क जागं असलेलं मूल तुम्हाला चिडवायला जागं नसतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, ती याच कारणाने. शाळेची वेळ आपल्या हातात नसते, पण बाकीचं बरंच असतं. उठायची वेळ रोज एकच ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी फार तर तासभर सूट द्या. उठल्यावर उजेडात न्या. फोन रात्री खोलीबाहेर, आणि हा नियम आईवडिलांच्या फोनलाही. (इथेच बहुतेक घरांतली योजना कोसळते.)

४. परतीचा रस्ता लहान तुकड्यांत

घरी राहिलं की भीती त्या क्षणी ओसरते आणि ‘सुटलो’ हे मन लक्षात ठेवतं. दुसऱ्या दिवशी भीती आणखी मोठी होऊन येते. म्हणून खंड पडला असेल तर कारणांचा पूर्ण उलगडा होईपर्यंत थांबू नका. मुलाला मारहाण किंवा छळाचा धोका असेल तर मात्र आधी सुरक्षितता, मग हजेरी.

पहिल्या आठवड्यात फक्त दोन तास, तेही त्यातल्या त्यात सोसवणारे. पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीपर्यंत. मग पूर्ण दिवस. हे शाळेशी आधी बोलून, लेखी ठरवा. दाराशी भेटायला एक ठरलेली व्यक्ती हवी, मग ती ग्रंथपाल असो वा शिपाई. मुलाला ती आवडते एवढं पुरे. ‘कुठे होतास इतके दिवस?’ याचं उत्तर घरीच पाठ करून घ्या : ‘बरं नव्हतं, आता ठीक आहे.’ ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण या एका प्रश्नाच्या धसक्याने कित्येक जण दारातून मागे फिरतात.

बुडालेला अभ्यास सगळाच्या सगळा भरून काढायला लावू नका. पुढचं समजायला ज्यावाचून अडतं तेवढंच शिक्षकांकडून खुणा करून घ्या. आणि शिक्षकांना एक विनंती : परत आलेल्या मुलाचं ‘उगवला का सूर्य!’ असं स्वागत करू नका. वर्ग हसतो, मूल पुन्हा आठवडाभर दिसत नाही.

घरी राहिलेल्या दिवशी शाळेच्या वेळेत टीव्ही, गेम बंद. शिक्षा करायची नाही, पण तो दिवस सुट्टीसारखाही जायला नको.

५. हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे का?

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासपणा, चिडचिड, आवडीच्या गोष्टीही नकोशा होणं, जेवण किंवा झोप एकदम बदलणं, मित्रांशी बोलणं तुटणं, अंगावर जखमांच्या खुणा. यांतलं काही दिसलं तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. मानसिक आजारांपैकी जवळपास एक तृतीयांश वयाच्या १४व्या वर्षाआधी आणि निम्मे १८व्या वर्षाआधी सुरू झालेले असतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा ‘वयच तसं आहे’ म्हणून वाट पाहत बसू नका.

मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर मुलाला एकटं सोडू नका, औषधं आणि धारदार वस्तू दूर ठेवा, त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्या.

६. पुढच्या शिक्षणाचं बोलणं, पण योग्य वेळी

खचलेल्या महिन्यात विषयनिवड करू नका. त्या दिवसांत मूल ‘काय शिकू’ याऐवजी ‘कशातून सुटू’ याचं उत्तर देतं. गणिताच्या शिक्षकांची धास्ती म्हणजे गणिताची नावड असं समजून आयुष्यभराचं दार लावून घेतलेली माणसं आपल्या आसपास असतात. थोडी हजेरी स्थिरावू द्या. शेवटची तारीख अगदी अंगावर आली असेल तर जास्तीत जास्त दारं उघडी ठेवणारे विषय निवडा.

मग उलटीकडून मोजा. मुलाला खुणावणारे दोन-तीन अभ्यासक्रम घ्या, त्यांच्या प्रवेशाच्या अटी मूळ माहितीपत्रकात वाचा आणि कोणता विषय सोडला तर कोणतं दार बंद होतं ते मुलालाच लिहू द्या. शेजाऱ्यांच्या तोंडची माहिती बहुधा त्यांच्या काळातली असते.

कल चाचणीबद्दल माझं मत थोडं आखडतं आहे. जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून पुढे आवडींचे सहा प्रकार रूढ झाले : हातांनी घडवणं, शोध घेणं, कला, माणसांना मदत, पुढाकार घेणं आणि नीटनेटकी मांडणी. बऱ्याच चाचण्या यावरच उभ्या आहेत. गप्पा सुरू करायला त्या उत्तम, निकाल म्हणून वाचायला धोक्याच्या. चौदाव्या वर्षी मुलाने जे पाहिलेलंच नाही त्याची आवड ते कागदावर कशी दाखवणार?

त्याऐवजी ते काम करणाऱ्या दोघांना भेटवा. ‘या क्षेत्राला भविष्य आहे का?’ असं विचारलं की भाषण ऐकावं लागतं. ‘काल दिवसभर काय काय केलंत?’ असं विचारलं की खरं काम कळतं, कंटाळवाण्या भागासकट. जमलं तर एक दिवस मुलाला त्यांच्याबरोबर बसू द्या.

शेवटी कागदावर तीन नावं हवीत : पहिली पसंती, तिच्या जवळपासचा दुसरा पर्याय, आणि गुण कमी पडले तरी मिळेल असा तिसरा, पण तोही मुलाला मनापासून चालणारा. प्रवेश घेतल्यावर विषय बदलता येतो का आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आधीच विचारून घ्या. ती तारीख त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलाला स्वतःच्या हाताने लिहू द्या.