कॉम्प्युटर तापून बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

मार्चमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून फोन आला. "दादा, दोनदा फॉरमॅट मारला, तरी बिल काढता काढता फटकन बंद पडतंय बघा." जाऊन साइड पॅनेल उघडलं, तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत पिवळट नमदा बसलेला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकित हळदीची धूळ मी त्या दिवशी ब्रशनं खरवडून काढली.

पहिली चूक हीच, फॉरमॅट. काही एरर न दाखवता कॉम्प्युटर दिवा मालवल्यासारखा बंद होत असेल, तर विंडोजला दोष देऊ नका. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही ताप वाढला तर स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, दिसणारी 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद वाचून घाबरायचं कारण नाही. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती सांगते; का पडलं ते नाही.

मग ताप की लाइट, हे कसं ओळखायचं? बंद पडल्यावर लगेच चालू केलं की आधीपेक्षा लवकर बंद पडतंय आणि अर्धा तास थांबलं की बरा वेळ चालतंय, तर संशय तापावर. शेजारी मोटर सुरू झाली किंवा लाइटनं झोल खाल्ला की त्याच क्षणी बंद, तर यूपीएस आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) तपासा. बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) हार्डवेअर मॉनिटरमध्ये तापमान आणि पंख्याचा वेग दिसतो. काही काम नसताना तिथंच आकडा ८०च्या वर चढत असेल, तर बहुधा कूलर (हीटसिंक आणि त्यावरचा पंखा) नीट बसलेला नाही किंवा त्याचा पंखाच फिरत नाही.

साफसफाईत सगळ्यात जास्त नुकसान होतं. वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग कॅबिनेट अंगणात न्या. घरात ब्लोअर मारला तर तीच धूळ पुन्हा आत जाते. ब्लोअर मारताना पंखा बोटानं किंवा पेन्सिलीनं अडवा. मोकळा सोडला तर भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते. ओलं फडकं नको. आणि एसएमपीएस उघडायचाच नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो, त्यात शौर्य दाखवू नये.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून न्यायला लावलेली थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते. जुनी न पुसता वरून नवी थापायची सवय सर्रास दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही बाजू पुसा आणि मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवा, बास. नव्या कूलरच्या तळाची प्लास्टिकची पट्टी काढायला विसरलेले लोकही मी पाहिलेत (एकदा मी स्वतः). इंटेलच्या डब्यातल्या चार पायांच्या कूलरचे पाय तिरके समोरासमोर जोडीनं दाबा, 'टक' आवाज यायला हवा. एक पाय जरी सैल राहिला तरी ताप चढतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचा कूलर सरळ वर ओढू नका, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून सोबत येतो. मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर हलका पिळत सोडवा.

पॅनेल काढून टेबलफॅन लावणं ही तपासणी म्हणून चांगली. आकडा दहा-पंधरा अंशांनी उतरला तर हवा खेळत नाही असं समजा: पुढून आत, मागून बाहेर, आणि मागचा पंखा उलटा बसलाय का तेही बघा. पण कायमचं उघडं ठेवू नका. धूळ दुप्पट, वर पाल.

त्या अडत दुकानात कॅबिनेट वजनकाट्याशेजारी, जमिनीवर, भिंतीला टेकून होतं. साफ करून, पेस्ट बदलून ते कमरेएवढ्या फळीवर ठेवलं, मागं वीतभर जागा सोडली. बिलं छापताना ९६ दाखवणारा आकडा ६४वर आला. मालक म्हणाले, "मग फॉरमॅटचे पैसे फुकटच गेले की!"