मोटरहोमच्या टायरचं प्रेशर: टीपीएमएस घेताना आणि लावताना

अमेरिकेत कारला टीपीएमएस, म्हणजे चालवणाऱ्याला टायरचं प्रेशर दाखवणारं यंत्र, कंपनीकडूनच येतं, पण मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांना तो नियम लागू नाही, म्हणून आमच्या सहाचाकी मोटरहोमला (आत राहायची सोय असलेली गाडी) ते वेगळं घ्यावं लागलं. खरी गोम जोडीतल्या आतल्या चाकात असते, ते बसलं तरी बाहेरचं चाक सगळा भार ओढत राहतं आणि चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

टायरच्या व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सर दोन प्रकारचे, टोपीसारखे आणि फ्लो-थ्रू. टोपीवाले हलके आणि स्वस्त, पण हवा भरताना दरवेळी काढा, परत लावा, आणि आतल्या चाकाशी हात घालून ते करणं म्हणजे नको जीव होतो. फ्लो-थ्रूवर तशीच हवा भरता येते, फक्त वजन जास्त म्हणून व्हॉल्व्ह धातूचाच हवा, रबरी चालणार नाही. गाडी लांब असेल तर मागच्या सेन्सरचा सिग्नल पुढपर्यंत पोचवणारा बूस्टर घ्याच.

प्रेशर किती ठेवायचं ते भरलेल्या गाडीचं वजन करून टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरवा. सेटिंग सकाळी टायर थंड असताना करा. समजा 80 पीएसआय ठेवलंय, तर खालचा अलार्म मी 70 ला लावते आणि वरचा 100 ला. दुपारी हायवेवर आकडा 90 च्या पुढे गेला की पहिल्यांदा मीही घाबरलेले, पण ते नॉर्मल आहे, गरम टायरमधली हवा अजिबात सोडू नका. आणि हो, लावल्यावर व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर सेन्सरच हवा सोडतोय.