आवडतं वचन दुसऱ्याला सांगायचं कसं, नुसतं फॉरवर्ड न करता

सकाळी उठून फोन बघितला की ग्रुपवर बायबलच्या वचनांची रांग लागलेली असते, सूर्योदयाचा फोटो, त्यावर वचन, खाली चार आमेन आणि हात जोडलेले इमोजी, आणि दुपारी कोणाला विचारलं की आज सकाळी कुठलं वचन आलं होतं तर पाठवणाऱ्यालाही आठवत नाही. पाठवू नका असं म्हणत नाहीये मी, चांगल्या मनानेच पाठवतात सगळे. पण एखादं वचन खरंच तुमच्या जिवाचं असेल, तुम्हाला त्याने धरून ठेवलं असेल आणि ते दुसऱ्यापर्यंत पोचावं असं वाटत असेल तर त्याच्यासोबत दोन गोष्टी जायला पाहिजेत, एक म्हणजे ते वचन मुळात कोणी कोणाला कुठल्या परिस्थितीत म्हटलं आणि दुसरी म्हणजे ते तुम्हाला कुठे लागलं. या दोन्ही नसतील तर ते फक्त सुंदर वाक्य राहतं.

आधी वचन कुठलं निवडायचं ते बघू. लोक इथेच अडकतात, कारण त्यांना वाटतं की काहीतरी भारी, सगळ्यांना माहीत असलेलं सांगावं, मग योहान ३:१६ (म्हणजे योहानाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय, सोळावं वचन) नाहीतर स्तोत्र २३. ही वचनं भारी आहेतच, त्यात वाद नाही, पण तुमचं वचन ओळखायची खूण वेगळी आहे. जे न आठवता आठवतं ते तुमचं, म्हणजे हॉस्पिटलच्या बाकावर बसलेलं असताना, भांडण झाल्यावर, झोप लागत नाही तेव्हा आपोआप तोंडात येतं ते. ते लहान असेल, कोणाच्या भिंतीवर न लावलेलं असेल, तरी चालेल. पुढे मोठा ख्रिस्ती धर्मशिक्षक झालेल्या संत ऑगस्टीनचं आयुष्य फिरलं ते रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायातल्या दोन वचनांवर, इ.स. ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत, आणि ती वचनं आहेत दंगलबाजी, दारूबाजी सोडा आणि प्रभू येशूला परिधान करा अशी. कोण लावतं ती स्टेटसला?

किंवा योहान ११:३५ घ्या. 'येशू रडला.' संपलं, दोनच शब्द. नुसतं पाठवलं तर समोरचा विचारेल, बरं मग? पण त्याच्या आजूबाजूचं सांगा. येशूचा मित्र लाजर मेलाय, त्याला कबरेत ठेवून चार दिवस झालेत, मार्था आणि मरीया या त्याच्या दोघी बहिणी येशूकडे वेगवेगळ्या वेळी येऊन तेच बोलतात की प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. म्हणजे तक्रारच आहे ती, आदराने केलेली. आणि येशूला माहीत आहे की आपण थोड्या वेळात लाजराला उठवणार आहोत, अकराव्याच वचनात तो शिष्यांना तसं सांगून निघालाय. शेवट माहीत असूनसुद्धा तो रडतो. मरीयेला 'थांब, आता बघ काय होतंय' असं म्हणून गप्प करत नाही, तिच्याबरोबर रडतो. ज्याच्या घरात मयत झालेली आहे त्या विश्वासणाऱ्याला हे वचन काय वाटत असेल याचा विचार करा, पुनरुत्थानावर विश्वास आहे, पुन्हा भेट होणार हे माहीत आहे, तरी रडू येतं, आणि कोणीतरी येऊन सांगतं की विश्वास असेल तर रडायचं नाही. त्याला हे वचन सांगा.

आता वचनाच्या आजूबाजूचं वाचणं, मला विचाराल तर यालाच सगळ्यात जास्त वेळ द्यावा. मूळ पुस्तकांत वचनांना नंबर नव्हतेच, अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात आणि नव्या कराराला, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाला, आज आपण वापरतो ते वचनांचे नंबर रोबेर एतिएन नावाच्या मुद्रकाने १५५१ साली घातले. नंबर सोयीचे आहेत, पण त्यांच्यामुळे वाटायला लागतं की प्रत्येक वचन सुटं आहे, उचललं की झालं. सुटं उचलून काय होतं ते मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहे बघा, तिथे सैतानच स्तोत्र ९१ मधलं वचन म्हणून दाखवतो, शब्द तिथलेच, देवदूत तुला झेलतील, आणि मग म्हणे टाक उडी. येशू त्याला दुसऱ्या वचनानेच उत्तर देतो, देवाची परीक्षा पाहू नको म्हणून. तेव्हा वचन बरोबर पाठ आहे एवढ्याने भागत नाही.

यिर्मया २९:११ घेऊ, कारण हे तर सगळीकडे असतं, दहावीच्या निकालाला, नोकरीच्या इंटरव्ह्यूला, लग्न जमत नसलं तरी. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. आता हे एका पत्रातलं वाक्य आहे. यरुशलेमेतून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, पकडून नेलेल्या लोकांना यिर्मया या संदेष्ट्याने पाठवलेलं पत्र. त्याच्या आधीचा २८वा अध्याय वाचा, तिथे हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर सांगतोय की दोन वर्षांत सगळं परत मिळणार, बंदिवान घरी येणार. लोकांना तेच ऐकायचं होतं. आणि यिर्मया लिहितो, घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, मुलांची लग्नं करून द्या, ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण ७० वर्षं लागणार आहेत. सत्तर! दहाव्या वचनात सत्तर वर्षं आणि लगेच अकराव्यात हिताचे संकल्प. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बरेच जण तिथेच मरणार होते आणि त्यांनाही हे सांगितलं जातंय.

हे कळलं की वचन कमी होत नाही, उलट वजनदार होतं. पुढच्या महिन्यात काम होणार असं ते म्हणतच नाहीये, ते म्हणतंय की खूप लांबलं तरी मी विसरलेलो नाही, तू जिथे अडकलायस तिथेच घर बांध. ज्याची वर्षानुवर्षं एकच प्रार्थना चालू आहे त्याला या वचनाने आधार मिळतो तो यासाठी, आणि निकालाच्या दिवशी पाठवायचंच असेल तर हे लक्षात ठेवून पाठवा, नाहीतर मार्क कमी पडले की पोरगं म्हणणार देवाने शब्द पाळला नाही.

फिलिप्पै ४:१३ चं तसंच, 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.' हे जिंकण्याचं घोषवाक्य झालंय आता, पण हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल बेड्यांत बसून लिहितोय आणि आधीच्याच वचनात म्हणतोय की मी पोटभर खाऊनही राहायला शिकलोय आणि उपाशीही. म्हणजे ज्याचा पगार थांबलाय त्याचं वचन आहे हे, फक्त मेडल मिळवणाऱ्याचं नाही. फार अभ्यास करावा लागतो असं नाही, वचनाच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा अर्धा अध्याय वाचला तरी बरंच कळतं, आणि पत्र असेल तर सगळं पत्रच वाचून काढा, फिलिप्पैचं पत्र चारच अध्यायांचं आहे.

मग सांगायचं कसं? 'मी' वरून सांगा, 'तू' वरून नको. 'तू चिंता करू नकोस, फिलिप्पै ४:६ वाच' हे ऐकणाऱ्याला ओरडा खाल्ल्यासारखं वाटतं. त्याऐवजी तुमची भीती काय होती, ते वचन कुठे भेटलं, आणि त्यानंतर काय बदललं, किंवा काही बदललं नाही पण तुम्ही टिकून राहिलात, हे सांगा. काही बदललं नाही हेही सांगायला हरकत नाही हो, प्रत्येक साक्षीच्या, म्हणजे देवाने काय केलं ते सांगण्याच्या, शेवटी चमत्कार झालाच पाहिजे असं कुठे आहे. आणि छोटं सांगा. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष द्यायला उभे राहिलात तर दोन-तीन मिनिटं खूप झाली, पाळकांचा संदेश पुढे आहेच, तुम्ही दुसरा संदेश द्यायला नाही उभे राहिलेले.

मेसेज करायचा असेल तर साधारण असा करता येईल, समजा एका मैत्रिणीचं ऑपरेशन झालंय आणि तिचं हळूहळू चालणं सुरू आहे:

'आज यशया ४०:३१ वाचताना तुझी आठवण आली. गरुडासारखे उडतील, धावतील तरी दमणार नाहीत आणि सगळ्यात शेवटी चालतील तरी थकणार नाहीत. मी आजारी होते तेव्हा हे शेवटचंच मला आवडायचं, कारण उडणं सोड, मला बाथरूमपर्यंत जाणं जड होतं, आणि देवाच्या यादीत नुसतं चालणंही आहे हे बघून बरं वाटायचं. उत्तर द्यायची घाई नको. प्रार्थना करतेय.'

यात बघा, वचनाचा संदर्भ दिलाय, ते का आठवलं ते आहे, स्वतःचं थोडंसं आहे आणि समोरचीवर काही ओझं नाही. 'आमेन टाईप करा', 'दहा जणांना पाठवा' असलं काही नाही, ते तर कृपा करून बंदच करा, वचन दहा जणांना न पाठवल्याने कोणाचा आशीर्वाद अडत नाही.

दुःखात असलेल्या माणसाला वचन पाठवताना मात्र जरा हात आखडता घ्या. रोमकरांस ८:२८, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे खरं आहे आणि कित्येकांनी त्यावर आयुष्य काढलंय, पण ते अंत्यविधीच्या दिवशी दुसऱ्याने येऊन सांगायचं वचन नाही. ते दुःखातून गेलेल्या माणसाने स्वतः म्हणायचं आहे, त्याला वेळ लागेल तेवढा लागू द्या. त्याच अध्यायात दोन वचनं आधी लिहिलंय की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो, त्या दिवसासाठी हे जास्त बरं. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवा, आले तेव्हा सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले, तोपर्यंत सगळं ठीक होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं, आणि शेवटी देवानेच त्यांना झापलं. नीतिसूत्रे २५:२० तर सरळच म्हणतं की खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी म्हणणं म्हणजे थंडीत अंगावरचं वस्त्र काढून घेण्यासारखं.

अशा वेळी रडणारी स्तोत्रं उपयोगी पडतात. स्तोत्र १३, कुठवर परमेश्वरा, कुठवर विसरणार मला. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. लोक ही पाठवायला घाबरतात पण ज्याला प्रार्थना करायला शब्दच सुचत नाहीत त्याला कळतं की असंही देवाशी बोलता येतं, आणि ते बायबलमध्येच आहे.

विश्वास नसणाऱ्या किंवा दुसऱ्या धर्माच्या मित्राला सांगायचं असेल तर आधी विचारा, 'मला एक वचन खूप आधार देतं, सांगू का?' नाही म्हणाला तर विषय सोडा आणि चहा-पाण्याचं बोला. पेत्राच्या पहिल्या पत्रात, ३:१५ मध्ये, आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय, आणि तेही सौम्यतेने. विचारणाऱ्याला, हे महत्त्वाचं. आणि हो म्हणाला तर मंडळीतली भाषा थोडी बाजूला ठेवा, 'अभिषेक', 'ओझं आलं', 'मोडलेपण' हे आपल्याला रोजचं आहे, त्याला काही कळणार नाही.

बाकी बारीकसारीक गोष्टी. पुस्तक, अध्याय, वचन नीट लिहा, योहान (शुभवर्तमान) आणि १ योहान (पत्र) वेगळे आहेत. काही जुन्या कॅथलिक बायबलांत स्तोत्रांचा नंबर एकाने मागे असतो, आपलं २३ तिथे २२, त्यामुळे समोरच्याला सापडलं नाही तर पहिली ओळ सांगा. फोटोवरचं वचन पाठवण्याआधी बायबल उघडून बघा, कारण 'जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो' हे बायबलमध्ये कुठेच नाही. 'सोसवेल तेवढंच देव देतो' हेही तसं नाहीये, १ करिंथ १०:१३ मोहाबद्दल बोलतं, दुःखाबद्दल नाही.

आणि घरातल्या प्रार्थनासभेत सगळ्यांनी आपापलं वचन सांगायचं ठरलं असेल तर आठवडाभर आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी सगळे स्तोत्र २३ वर येणार नाहीत. एकाने सांगितलं की लगेच दुसऱ्याकडे वळू नका, कोणीतरी एक प्रश्न विचारा, हे वचन तुम्हाला पहिल्यांदा कधी भेटलं एवढा जरी विचारला तरी पुरतो, कारण खरी गोष्ट बहुतेक वेळा या प्रश्नानंतरच बाहेर येते. कोणाचा अर्थ थोडा चुकतोय असं वाटलं तर सगळ्यांसमोर दुरुस्त करू नका, नंतर चपला घालताना हळूच म्हणा, त्याच्या आधीची दोन वचनं बघितलीस का रे. आणि एखादी आजी काहीच बोलत नसेल तर तिला वचन विचारू नका, गाणं विचारा, ती जे गाणं म्हणेल त्यात तिचं वचन बहुतेक असतंच.