सेंड() परतले म्हणजे संदेश पोहोचला, असे नाही

ज्यांनी नुकतेच काफ्का या संदेश पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आधारलेल्या प्रणालीवर काम सुरू केले आहे आणि ज्यांना टॉपिक, पार्टिशन, ब्रोकर, कन्झ्युमर या गोष्टी ठाऊक आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मुलाखतीत सिंक्रोनस (उत्तर येईपर्यंत थांबणाऱ्या) आणि असिंक्रोनस (न थांबता पुढे जाणाऱ्या) पाठवणीतला फरक विचारला, की ‘पहिली सुरक्षित पण संथ, दुसरी वेगवान पण धोक्याची’ असे उत्तर आपण सगळेच देतो आणि ते चालूनही जाते. प्रत्यक्ष कामात मात्र हेच उत्तर अंगाशी येते. पाठवलेल्या संदेशाचे पुढे काय झाले हे विचारणारा कोड लिहिलेलाच नसतो, आणि संदेश हरवल्याचे कळत नाही ते त्यामुळे.

माझा सर्वाधिक काळ ज्या सापळ्यात गेला, तो सविस्तर सांगतो. आमच्याकडे रात्री चालणारा एक छोटा प्रोग्राम होता. तो नोंदी वाचून एकेक संदेश पाठवी आणि संपे. प्रत्येक नोंदीपुढे लॉगमध्ये ‘संदेश पाठवला’ असे लिहिलेले असे, कुठेही त्रुटी दिसत नसे, तरीही कन्झ्युमरकडे शेवटचे काही संदेश कमी भरत. मी कन्झ्युमर तपासला, पार्टिशन तपासले, ऑफसेट (पार्टिशनमधील संदेशांचे क्रमांक) पुन्हा पुन्हा मोजले. दोष तिथे नव्हताच.

काफ्काच्या जावा क्लायंटमधील सेंड() मुळातच असिंक्रोनस आहे. ते संदेशाचे सीरियलायझेशन (बाइट्समध्ये रूपांतर) करते, पार्टिशन ठरवते, संदेश प्रोड्यूसरच्या (म्हणजे पाठवणाऱ्या क्लायंटच्या) स्वतःच्या स्मृतीतील बफरमध्ये ठेवते आणि एक फ्युचर (ज्यात निकाल नंतर मिळतो अशी वस्तू) हाती देऊन परतते. हा बफर मुळात 32 एमबीचा असतो आणि त्यातील संदेश गठ्ठ्यांनी ब्रोकरकडे नेण्याचे काम एक वेगळा थ्रेड करतो. म्हणजे सेंड() परतते त्या क्षणी संदेश आपल्याच प्रक्रियेच्या पोटात असतो. तो थ्रेड डेमन असल्यामुळे मुख्य थ्रेड संपला, की जावा त्याच्यासाठी थांबत नाही, आणि बफरमध्ये उरलेले संदेश प्रक्रियेबरोबरच नाहीसे होतात. क्लोज() हाक मारली असती, तर प्रोड्यूसर उरलेली पाठवणी पूर्ण होईपर्यंत थांबला असता. आमच्या प्रोग्राममध्ये ती हाक नव्हती, आणि फ्युचरकडेही कोणी पाहत नव्हते. ‘संदेश पाठवला’ ही लॉगमधील ओळ सेंड() च्या लगेच खाली लिहिलेली होती. ती पोचपावती आल्यानंतर, म्हणजे कॉलबॅकमध्ये (निकाल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये), लिहायला हवी होती. हे कळायला वेळ लागला तर स्वतःला कमी लेखू नका, कारण शिकवण्यांतील बहुतेक नमुने सेंड() च्या एका ओळीवरच संपतात.

यावर अनेक अनुभवी मंडळी एकच औषध सांगतात: प्रत्येक सेंड() ला .गेट() जोडा. त्यामुळे पाठवणी सिंक्रोनस होते आणि त्रुटी जागच्या जागी हाती येते, हे खरे आहे. दिवसाला मोजकेच संदेश जाणार असतील तर खुशाल तसे करा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण जाऊन-येऊन 5 मिलिसेकंद लागत असतील, तर एका थ्रेडमधून सेकंदाला 200 पेक्षा अधिक संदेश जाणार नाहीत, आणि दर वेळी थांबल्यामुळे गठ्ठ्यात एकच संदेश राहील. शिवाय .गेट() ला दिलेली मुदत संपली, याचा अर्थ संदेश गेला नाही असा होत नाही. तो ब्रोकरकडे पोहोचलेलाही असू शकतो. अशा वेळी तोच संदेश आपण पुन्हा पाठवला, तर काफ्काच्या दृष्टीने तो नवा संदेश ठरतो. आयडेम्पोटन्सची (तोच संदेश दोनदा नोंदला न जाण्याची) सोय प्रोड्यूसरने स्वतः केलेल्या पुनःप्रयत्नांपुरतीच आहे.

माझे मत मधल्या वाटेच्या बाजूने आहे. संदेश असिंक्रोनस पाठवावेत, प्रत्येक फ्युचर जपून ठेवावे, गठ्ठा संपल्यावर फ्लश() करावे आणि मग एकेक फ्युचर तपासावे. फ्लश() सर्व पाठवण्या पूर्ण होईपर्यंत थांबते, पण एखादी अयशस्वी झाली तरी स्वतः त्रुटी फेकत नाही, म्हणून शेवटची तपासणी टाळता येत नाही. कॉलबॅक वापरत असाल, तर तो प्रोड्यूसरच्या त्याच पाठवणाऱ्या थ्रेडवर चालतो हे विसरू नका: तिथे डेटाबेसची हाक किंवा दुसऱ्या सेंड() चे .गेट() लिहिलेत, तर सगळी पाठवणी अडकेल.

पोचपावती कधी द्यायची, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो ‘अ‍ॅक्स’ या सेटिंगचा आहे. 2021 मधील 3.0 आवृत्तीपासून त्याचे मूळ मूल्य ‘ऑल’ (सर्व अद्ययावत प्रतींनी नोंद घेतल्यावर पोचपावती) आहे; त्यापूर्वी ते 1 (फक्त मुख्य प्रतीने नोंद घेतल्यावर) होते. अ‍ॅक्स शून्य ठेवून .गेट() केले, तर ब्रोकरच्या उत्तराची वाट न पाहताच यश हाती येते. रॉकेटएमक्यू या दुसऱ्या संदेश प्रणालीमध्ये सिंक्रोनस, असिंक्रोनस आणि एकतर्फी अशा तीन वेगळ्या हाका आहेत, त्यामुळे तिथे निवड तरी उघड दिसते. पण तिथेही सिंक्रोनस हाक त्रुटीविना परतल्यावर स्थिती ‘सेंड ओके’ आहे का, हे पाहावेच लागते.

तयार कॉन्फिगरेशन फाइल देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा ‘चालू ब्रोकर बंद कर आणि काय होते ते पाहा’ असे सांगणारा मार्गदर्शक मला मोलाचा वाटतो. तो मिळाला नाही तरी हा प्रयोग आपल्या संगणकावर एकट्याने करता येतो. चालू प्रोड्यूसरचा ब्रोकर थांबवा: सेंड() निमूटपणे परतत राहील, आणि मूळ सेटिंग असल्यास सुमारे 120 सेकंदांनी कॉलबॅकमध्ये मुदत संपल्याच्या त्रुटी येऊ लागतील. मग ब्रोकर बंद असतानाच नवा प्रोड्यूसर सुरू करा: आता मेटाडेटा (कोणते पार्टिशन कोणत्या ब्रोकरवर आहे ही माहिती) मिळत नसल्यामुळे सेंड() स्वतःच 60 सेकंद अडून राहील, म्हणजे असिंक्रोनस म्हणवणारी हाकही तुमचा थ्रेड रोखून धरते. आणि ती मुदत संपल्यावरची त्रुटीसुद्धा तुमच्या अंगावर फेकली जात नाही. ती त्याच फ्युचरमध्ये आणि कॉलबॅकमध्ये येते.